हेतूचा रकाना

मानवी हक्कांच्या कामात मी शिरले ती पंख्यासाठी. पुढे हे मी एका पोलीस अधिकाऱ्यालाही खरं खरं सांगितलं आणि त्यातून जे व्हायचं ते झालं, पण सुरुवात तिथूनच झाली.

मे महिन्यातला रविवार होता. मुलीला दादरच्या एका शाळेत प्रवेश परीक्षेला सोडलं होतं. पेपर तीन तासांचा, आणि पालकांनी फाटकाबाहेर थांबावं अशी पाटी. समोर एक जुनं वाचनालय होतं. त्याच्या वरच्या खोलीतून पंख्याची घरघर ऐकू येत होती. मी जिना चढून वर गेले.

खोलीत दोन माणसं बसली होती. एक पंचाहत्तरीचे गृहस्थ, खिशाला तीन पेनं. "इथे बसू का?" असं मी विचारल्यावर ते म्हणाले, "बसा, पण नकाशा झाकू नका." मी मागे पाहिलं तर भिंतभर जगाचा नकाशा. ते निवृत्त भूगोल शिक्षक होते. दुसऱ्या होत्या गिरगावातल्या एक ख्रिस्ती बाई, फुलाफुलांचा फ्रॉक, समोर टाइपरायटर. एका जहाज कंपनीत त्यांनी जन्मभर स्टेनोग्राफरची नोकरी केली होती. पुढे मी त्यांना आंटी म्हणू लागले आणि त्या गृहस्थांना सर.

"बरं झालं आलात," सर म्हणाले. "तिसरी सही हवीच होती."

परदेशातली एक संस्था जगभरच्या छोट्या छोट्या गटांना एकेका कैद्याची माहिती पाठवायची. गटाने त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांना पत्रं लिहायची, एवढंच काम. गट निदान तिघांचा हवा असा नियम होता, आणि यांचा तिसरा माणूस नुकताच मुलाकडे पुण्याला राहायला गेला होता.

सरांनी मला कैद्याची गोष्ट सांगितली. तो एका दूरच्या देशातल्या हवामान खात्यातला माणूस. राष्ट्राध्यक्षांच्या वाढदिवसाला संचलन होतं, आणि त्या दिवशी वादळ येईल असं त्याने रेडिओवर सांगितलं. वरिष्ठांनी अंदाज बदलायला सांगितला. त्याने बदलला नाही. अफवा पसरवली म्हणून त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली.

"मग वादळ आलं नाही का?" मी विचारलं.

"आलं ना. मंडप उडाले."

"मग अफवा कशी?"

"म्हणूनच पाच वर्षं," सर म्हणाले. "आलं नसतं तर तीन महिन्यांत सोडला असता."

मी सही केली.

मी गिरगावात एका लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर कुणा अनोळखी माणसाच्या तोंडाचा साचा हातात असतो. त्याचं नाव ठाऊक नसतं, पण तो कुठल्या बाजूने चावतो ते मला कळतं. त्यामुळे न पाहिलेल्या माणसासाठी रविवारचे दोन तास देणं मला फारसं विचित्र वाटलं नाही. काळाचौकीच्या आमच्या चाळीत मात्र सगळ्यांना वाटलं. "बाहेरच्या देशातल्या माणसाशी तुझा काय संबंध? आपल्या नळाला पाणी येत नाही ते बघ," असं शेजारणीने तोंडावर सांगितलं. तिचंही चूक नव्हतं.

पत्राचं शास्त्र आंटींनी शिकवलं. राष्ट्राध्यक्षांच्या नावामागे अकरा उपाध्या होत्या, त्या सगळ्या टाइप करायच्या. आवाज चढवायचा नाही, टोमणा मारायचा नाही. "आपण इथे शिवी दिली की तिथे त्याला मार बसतो," त्या म्हणायच्या. त्यामुळे ज्या माणसाचा आम्हाला मनस्वी राग होता त्याला आम्ही दर पंधरा दिवसांनी "आपल्या सुप्रसिद्ध उदारतेस स्मरून" असं लिहीत होतो. सहा महिन्यांनी उत्तर आलं. जाडजूड पाकिटात राष्ट्राध्यक्षांच्या बारा फोटोंचं कॅलेंडर होतं, आणि शुभेच्छांबद्दल आभार.

त्या पाकिटावरच्या तिकिटांनी घात केला असावा. पुढच्याच रविवारी खोलीत एक नवा माणूस येऊन बसला. साधा शर्ट, साधी पँट, तपकिरी बूट.

"मी वाचक आहे," तो म्हणाला.

"काय वाचता?" सरांनी आनंदाने विचारलं.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "हेच आपलं... नकाशा."

दोन रविवार त्याने नकाशा वाचला. तिसऱ्या रविवारी त्याला राहवलं नाही. "सर, खोटं बोलून बसवत नाही. मी पोलिसात हवालदार आहे. तुमच्यावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलंय."

"ते आम्हाला पहिल्या दिवशीच कळलं," आंटी म्हणाल्या. "साध्या कपड्यांना एवढी कडक इस्त्री कोण करतं?"

हवालदार मालवणकडचे, निवृत्तीला आलेले. गुडघे गेलेले. त्यांच्या बाकीच्या सगळ्या ड्यूट्या उभ्याच्या होत्या, आमचीच काय ती बसायची. दर रविवारी त्यांना एक फॉर्म भरावा लागे आणि आमचा फोटो काढून वरच्या साहेबांना व्हॉट्सअॅपवर पाठवावा लागे. पहिल्यांदा आंटींनी "थांब" म्हणून पर्समधून लिपस्टिक काढली, आणि पुढे तो रिवाजच झाला. उपस्थितीच्या रकान्यात तीन लिहायचं की चार, यावर एका रविवारी आमची पाऊण तास चर्चा झाली. सरांचं म्हणणं, जो हजर तो उपस्थित. हवालदार म्हणाले, मी आहे पण मी इथे नाही. शेवटी साडेतीन लिहा असं आंटींनी सुचवलं ते कुणी मनावर घेतलं नाही.

खरी अडचण दुसऱ्याच रकान्याची होती. एका रविवारी ते घामाघूम होऊन आले. चिडले किंवा घाबरले की त्यांची मालवणी बाहेर पडायची.

"सायबान फॉर्म परत धाडल्यान," ते म्हणाले. "हेतूचो रकानो रिकामो म्हणान. आता सांगा, तुमी ह्या कित्याक करतास?"

इतक्या महिन्यांत हे आम्ही एकमेकांनाही विचारलं नव्हतं.

सर उभे राहिले आणि बोलू लागले. माणसाची प्रतिष्ठा, जगाची सामायिक जबाबदारी. दहा मिनिटांनी हवालदारांनी त्यांना रकाना दाखवला. तो दीड बोटाचा होता. सर खाली बसले. मग हळूच म्हणाले, "मी छत्तीस वर्षं त्या देशाची राजधानी आणि मुख्य पिकं शिकवली. तिथे माणसं राहतात हे एकदाही शिकवलं नाही."

आंटी म्हणाल्या, "मला टाइप करायला आवडतं. आणि आता मला कुणी काही टाइप करायला देत नाही."

"आणि ताई, तुम्ही?"

मी पंखा म्हणाले. खरं तेच होतं. आमच्या उत्तरांपैकी हवालदारांना रकान्यात मावणारं एकच मिळालं. त्यांनी लिहिलं: पंखा.

आठ दिवसांनी मला बोलावणं आलं. ऑफिसात एक तरुण अधिकारी होता, समोर आमची फाइल. चेहरा गंभीर.

"हा पंखा कोण?"

"कोण नाही. छताचा पंखा आहे."

"टोपणनाव आहे का?"

"नाही साहेब. खरंच पंखा. फिरतो."

"कुठे कुठे फिरतो?"

मी हसले असते तर बरं झालं असतं कदाचित, पण हसू आलं नाही. ज्या टेबलापलीकडे मी बसले होते तिथे कालपरवा कोण बसलं असेल, कुठल्या अवस्थेत, हेच माझ्या मनात येत होतं. मी सगळं सांगितलं: परीक्षा, उकाडा, घरघर. तो लिहून घेत राहिला. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. पडताळून बघू."

आणि त्यांनी खरंच पडताळलं. पुढच्या रविवारी तो अधिकारी दोन शिपाई घेऊन वाचनालयात आला. खालून दोन वाचकांना पंच म्हणून वर आणलं, आणि पंख्याचा पंचनामा झाला. तीन पाती, रंग मळकट, दोन नंबरवर फिरताना आवाज करतो, तीन नंबर चालत नाही. पंचांनी सह्या केल्या. अधिकाऱ्याने जाताना बटण बंद करून पुन्हा चालू केलं, बहुधा खात्रीसाठी.

पण पोलिसांची गाडी दारात उभी राहिली म्हणताच वाचनालयाचे विश्वस्त हादरले. दोनच दिवसांत चिटणिसांचा फोन आला. वरची खोली दुरुस्तीसाठी बंद. "आमचा तुमच्या कार्याला विरोध नाही," ते म्हणाले, "पण कार्य दुसरीकडे करा."

आम्ही फिरलो. एका व्यायामशाळेने नकार दिला. आंटींच्या ओळखीचा एक हॉल होता, त्यांनीही नाही म्हटलं. सरांच्या सोसायटीने ठरावच केला की आवारात परदेशी विषय नकोत. महिनाभर आमची सभा झाली नाही, आणि याचा सगळ्यात जास्त धसका घेतला हवालदारांनी. सभा नाही म्हणून त्यांना दर रविवारी नाक्यावर उभं करत होते.

जागा शेवटी त्यांनीच शोधली. लालबागमध्ये त्यांच्या एका गाववाल्याचं मंडप डेकोरेशनचं गोदाम होतं, रविवारी दुपारी रिकामं. आत कनाती, थर्माकोलचे खांब, बांबूंची रास. बसायला फक्त नवरानवरीच्या खुर्च्या होत्या: लाल मखमल, सोनेरी सिंह, पाठीवर मोर. सर एका सिंहासनावर, आंटी दुसऱ्यावर, मांडीवर टाइपरायटर. मी करवलीच्या स्टुलावर. कुणी गिऱ्हाईक डोकावलं तर आधी त्या दोघांकडे बघायचं, मग हळूच निघून जायचं. एकाने तर "अभिनंदन" म्हटलं.

तिथेच परदेशातल्या मुख्य कचेरीचं टपाल आलं. जगभरच्या कार्यकर्त्यांच्या प्रेरणा आणि आव्हानं यांवर त्यांना माहिती गोळा करायची होती. प्रेरणेसाठी अर्धं पान, आव्हानांसाठी दोन.

"ह्यो तर आमचोच फॉर्म!" हवालदार उडालेच.

प्रेरणेचं अर्धं पान आम्ही यावेळी जपून भरलं, पंख्याचं नाव काढलं नाही. आव्हानांत सरांनी त्यांच्या सोसायटीचा जिना लिहिला. आंटींनी टाइपरायटरची रिबन लिहिली, ती हल्ली कुठेच मिळत नाही. मी लिहिलं, शेजारी विचारतात तेव्हा उत्तर सुचत नाही. इतर देशांतल्या गटांनी काय लिहिलं ते नंतर एका पुस्तिकेत छापून आलं. कुणाचं घर जाळलं होतं, कुणाचा भाऊ घरी परत आला नव्हता. त्यांच्यामध्ये आमचा जिना होता. आंटींनी ती पुस्तिका पर्समध्ये ठेवली आणि त्या दिवशी लिपस्टिक लावली नाही.

हवामानवाला पावणेदोन वर्षांनी सुटला. एका ओळीचं पत्र आलं, कारण दिलेलं नव्हतं. आमच्यामुळे की कसं, कोण सांगणार. सर म्हणाले, त्या देशात दुष्काळ पडलाय, पाऊस कधी येणार हे सांगायला त्यांना तो हवा असेल. आम्ही पेढे आणले. हवालदारांनी दोन घेतले. त्यानंतर दुसऱ्या देशांतल्या कैद्यांची माहिती येत राहिली.

गोदामात एक बाई मंडपाच्या झालरी शिवायला बसायची. तीन वर्षं ती मशीनवरून मान वर न करता आमचं बोलणं ऐकत होती. एका रविवारी तिचं मशीन बंद होतं. ती उठून सरांच्या सिंहासनापुढे येऊन उभी राहिली.

"ते तुम्ही सोडवता ना लोकांना," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याला पोलिसांनी नेलंय. शुक्रवारी."

नवरा शिवडीला माल चढवण्या-उतरवण्याचं काम करायचा. कुठल्याशा चोरीतल्या माणसाचं आणि त्याचं नाव-आडनाव एकच होतं, म्हणून कामावरून उचललं. आज रविवार. तिला कुणी काही सांगत नव्हतं, भेटू देत नव्हतं.

खरं सांगते, आजवर आम्ही तेरा राष्ट्राध्यक्षांना, दोन राजांना आणि एका लष्करप्रमुखाला पत्रं लिहिली होती, आणि घरापासून पंधरा मिनिटांवरच्या पोलीस ठाण्यात जायचं म्हटल्यावर मला मुलगी आठवली, तिचं कॉलेज, माझी नोकरी. सर घसा खाकरून म्हणाले, "आपल्या नियमावलीत स्वतःच्या देशातली प्रकरणं घ्यायची नाहीत, असं आहे."

आंटींनी टाइपरायटरमध्ये कोरा कागद घातला. "मग आज आपण गट नाही. आज तीन म्हातारे शेजारी."

"मी म्हातारी नाही," मी म्हणाले.

"होशील तिथे गेल्यावर."

पण अर्जात काय लिहायचं? आम्हाला फक्त उदारतेस स्मरून लिहिता येत होतं. हवालदार इतका वेळ फॉर्मवर नजर लावून बसले होते. ते उठले, पाठ फिरवून कनातींच्या ढिगाकडे तोंड करून उभे राहिले.

"मी कोणाशी बोलत नाय हां," ते म्हणाले. "मी आपलो मोठ्यान विचार करतंय." आणि त्या कनातींना उद्देशून ते सावकाश बोलू लागले. अटक केली की नातेवाइकांना कळवावं लागतं. चोवीस तासांच्या आत कोर्टापुढे उभं करावं लागतं. किती वाजता नेलं ते आधी लिहायचं. कोणी नेलं ते लिहायचं. अर्जाच्या दोन प्रती, आणि एकीवर शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. आंटींचं बोट एकदाही अडखळलं नाही. बोलणं संपल्यावर ते वळले नाहीत. "मी आता मुतारीकडे जातंय," म्हणाले आणि आमच्यासमोरून निघून गेले.

झालरवालीला घेऊन आम्ही ठाण्यात गेलो. अंमलदाराने आम्हाला ओझरतं पाहिलं. "लाउडस्पीकरची तक्रार? पहिला मजला."

"लाउडस्पीकर नाही," सर म्हणाले. "माणूस."

"हरवलाय?"

"नाही, सापडलाय. तुमच्याकडे आहे."

त्याने अर्ज वाचला, मग पुन्हा वाचला. मग रजिस्टर काढलं. हवा असलेला इसम वय चोवीस, उंची सहा फूट, उजव्या दंडावर वाघाचं गोंदण. झालरवालीचा नवरा पन्नाशीचा, तिच्याच शब्दांत "माझ्या खांद्याला लागतो."

"गोंदण काढलं असेल," अंमलदार म्हणाला.

"आणि उंची?" सरांनी वर्गात विचारतात तशा आवाजात विचारलं.

"तपास चालू आहे."

शिक्का मात्र मिळेना. तो कपाटात होता, चावी साहेबांकडे होती आणि साहेब बंदोबस्ताला. "उद्या या."

"मी बसते," आंटी म्हणाल्या. टाइपरायटर त्यांनी सोबत आणलाच होता. बाकड्यावर मोबाइल चोरीला गेलेला एक माणूस तासभर बसला होता. आंटींनी त्याला विचारलं आणि त्याची तक्रार टाइप करून दिली. ते बघून दुसरी बाई सरकली. मग तिसरा. सर त्यांना पत्ते नीट विचारत होते, मी कार्बन लावत होते. साडेचारपर्यंत अंमलदाराच्या टेबलावर सात सुबक अर्ज जमले, प्रत्येकाच्या दोन प्रती, आणि प्रत्येकाला शिक्का हवा होता. तो हैराण होऊन आत गेला आणि शिक्का घेऊन आला. चावी कुठून आली ते आम्ही विचारलं नाही.

सहाच्या सुमाराला त्यांनी झालरवालीच्या नवऱ्याला बाहेर आणलं. चालताना एक पाय ओढत होता. नावात गोंधळ झाला, असं अंमलदार म्हणाला. सोडायच्या आधी कागद हवा म्हणून त्याच्याकडून लिहून घेतलं: मी तो नाही. खाली त्याने सही केली. सही अर्थातच त्याच नावाची झाली, आणि ती वाचून अंमलदार पुन्हा विचारात पडला. तेव्हा सरांनी दाराकडे हात केला आणि आम्ही सगळे भराभर बाहेर पडलो.

रस्त्यावर आल्यावर ती बाई रडेल असं मला वाटलं होतं. ती नवऱ्यावर ओरडली. शुक्रवारचा डबा त्याने कुठे टाकला, स्टीलचा होता. तो थोडं पुढे जाऊन फुटपाथवर बसला. मग तीही बसली आणि त्याचा पाय मांडीवर घेऊन दाबू लागली. आम्ही जरा लांब थांबलो. आंटींनी माझ्या दंडाला धरलं.

हवालदारांचा त्या रविवारचा फॉर्म पुढे आम्ही पाहिला. लिहिलं होतं: सभा झाली नाही. कारण, लग्नसराई.

त्यानंतरच्या रविवारी मी गोदामापाशी पोचले तर दाराबाहेर बायका. दहाबारा तरी असतील, प्रत्येकीच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद. झालरवालीने गल्लीभर सांगितलं होतं. सर सिंहासनावर पांढरेफटक पडून बसले होते. "हे आपल्याला जमणार नाही," ते मला हळूच म्हणाले. "आपल्याला यातलं काही येत नाही."

बाहेर गोंधळ वाढला तसे हवालदार उठले, दारात गेले आणि सवयीने त्यांचा आवाज चढला. "ए, ढकलू नका. एकेक. म्हातारी माणसं पुढे. कागद हातात काढून ठेवा."

रांग लागली. पहिली बाई आत आली. तिची तक्रार पाण्याची होती, अडीच महिने नळ कोरडा.

सरांनी चष्मा पुसला. "पाणी मानवी हक्कांत येतं का, ते बघावं लागेल."

"बघा नंतर," आंटी म्हणाल्या, आणि त्या बाईला म्हणाल्या, "बस गं. आधी तुझं नाव सांग."